न दुखणाऱ्या पायाची गोष्ट

व्याख्यानाला आलेल्या माणसाने वक्त्याच्या तोंडाकडे पाहावे, ही रीतच आहे. आज मात्र आमची विनंती थोडी निराळी आहे. आज घरी गेल्यावर दिव्याच्या उजेडात आपल्या दोन्ही पायांचे तळवे एकदा न्याहाळून पाहा. आपल्यापैकी पुष्कळांनी आपला तळपाय शेवटचा केव्हा पाहिला, हे त्यांना आठवणारही नाही. आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, पाहुणा आला की पाय धुवायला पाणी देतो, मुलगा कमावता झाला की तो आपल्या पायावर उभा राहिला म्हणतो. पायाला आपल्या भाषेत एवढा मान! पण खुद्द पायाची विचारपूस करायची ती केव्हा, तर तो दुखला म्हणजे. दुखला नाही तर तो आहे याचीही आठवण राहत नाही.

आता समजा, एखाद्याचा पाय कधीच दुखत नाही. काटा रुतला, खिळा घुसला, निखाऱ्यावर पाऊल पडले, तरी दुखत नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढा हा भाग्यवान माणूस! ‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ असे आपण म्हणतो. ज्याचे जळते पण त्यालाच कळत नाही, अशा माणसाची ही गोष्ट आहे. आणि त्याचा पाय वाचावा म्हणून ज्या शल्यवैद्यांनी आयुष्ये वेचली, त्यांच्या संशोधनाचीही आहे.

हा विषय वर्ध्याच्या श्रोत्यांपुढे मांडताना प्रस्तावना फार करावी लागत नाही. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रासलेले असे सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि आपल्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याचे मुख्य ठाणे वर्ध्यातच राहिले. डॉ. रा. वि. वारदेकर यांनी येथूनच गावोगाव जाऊन रुग्ण शोधायचे, लोकांना रोगाची खरी माहिती द्यायची आणि रुग्णाला घरी ठेवूनच औषध द्यायचे, अशी त्रिसूत्री पद्धत घालून दिली. पुढे देशाच्या कुष्ठनियंत्रणाच्या कार्यक्रमाने हीच वाट धरली. बाबा आमटे यांचा जन्मही याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा, १९१४ सालचा.

त्याच १९१४ साली तिकडे तामिळ मुलखात, कोल्ली डोंगरावर, एका मिशनरी दांपत्याच्या पोटी पॉल ब्रँड या मुलाचा जन्म झाला. आपल्या गोष्टीतला मुख्य संशोधक तो हाच. शिक्षणासाठी तो इंग्लंडला गेला, आणि डॉक्टर होण्याआधी काही वर्षे त्याने सुतारकाम आणि बांधकाम शिकण्यात घालविली. हा धागा आपण लक्षात ठेवू. कारण लाकूड कोठे तासावे, भार कोठे पेलावा, हे ज्या हातांना कळत होते तेच हात पुढे माणसाच्या हाडांकडे वळले. १९४६ साली डॉ. ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शल्यवैद्य म्हणून आले. १९४७ च्या सुमारास चिंगलपुटच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी बोटे आखडलेले हात पाहिले. अशा एका रुग्णाच्या हातात त्यांनी आपला हात दिला, तो त्याने इतका घट्ट आवळला की त्यांना कळ आली. म्हणजे हा हात मेलेला नव्हता; काही स्नायू गेले होते, काही भक्कम होते. तेथून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. हातामागून पाय आलेच.

येथे त्या काळचे कोडे समजून घेतले पाहिजे. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेन यांनी दाखवून दिला होता. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन जातीची औषधे आली आणि प्रथमच तो जंतू औषधाला दबू लागला. तपासणीत रुग्णाच्या अंगात जंतू सापडेनासे झाले. रोग हटला, असे वैद्य सांगू लागले. आणि तरीही त्याच रुग्णाच्या तळपायाची जखम भरून येईना. आली तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उघडी. बोटे झिजत, हाडे सडत, आणि अखेरीस पाय कापावा लागे. लोक म्हणत, हा रोगच असा. यात मांस आपोआप गळून पडते. पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत फारशी निराळी नव्हती. ब्रँड यांनी प्रश्न केला तो एवढाच : जंतू नाही, तर मग पाय खातो कोण?

उत्तरासाठी पायाची रचना थोडी पाहू. एका पायात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. ती हाडे कमानीसारखी रचलेली असून शरीराचा भार मुख्यतः टाच आणि चवडा यांवर येतो. त्या दोन ठिकाणी कातडीखाली चरबीच्या लहान लहान कप्प्यांची गादी असते. आता कुष्ठाचा जंतू असा चमत्कारिक आहे की त्याला शरीराचा थंड भाग मानवतो. म्हणून कातडीच्या लगत, वर वर धावणाऱ्या मज्जातंतूंत तो घर करतो. घोट्याच्या आतल्या अंगाला हाडामागून एक मज्जातंतू तळपायात उतरतो. तो बिघडला की तळवा बधिर होतो. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून दुसरा मज्जातंतू जातो. तो बिघडला की पाऊल वर उचलण्याचे बळ जाते. जंतूने पायाला दिलेला घाव हा एवढाच. मांस खाणे हे त्याचे काम नव्हे.

बधिर पायाचे पुढे काय होते, हे ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे बारकाईने पाहिले. रुग्ण कोठे गेला, किती चालला, कशावर चालला, जखम नेमकी कोणत्या हाडाखाली झाली, याची नोंद ठेवली. जखमा अंगावर वाटेल तेथे होत नव्हत्या. जेथे भार जास्त, तेथेच होत होत्या. रोग मांस खात असता तर त्याने टाच आणि चवडा तेवढेच का निवडावे?

या निरीक्षणांतून पायाला इजा होण्याचे चार मार्ग त्यांनी वेगळे केले. पहिला, थोडा पण सतत दाब. घट्ट बूट घालून बसलो तर त्या जागेचे रक्त अडते. आपण चुळबुळ करून पाय मोकळा करतो, बधिर पायाचा मनुष्य तो बूट दिवसभर तसाच ठेवतो. दुसरा, लहानशा जागेवर एकदम मोठा भार, म्हणजे काटा, काच, खिळा. तिसरा मार्ग सगळ्यांत फसवा : साधाच दाब, पण हजारो वेळा. चौथा, जखम झालेल्या, सुजलेल्या पायावरच चालत राहणे. त्यामुळे पू खोल हाडापर्यंत ढकलला जातो.

तिसरा मार्ग जरा उलगडून सांगितला पाहिजे. एखादे दिवशी आपण सेवाग्रामपर्यंत पायी जाऊन परत आलो, असे समजा. पहिल्या मैलात आपण जसे पाऊल टाकतो, तसे शेवटच्या मैलात टाकत नाही. चवडा हुळहुळला की नकळत टाचेवर भार देतो, मग पावलाच्या कडेवर, मग थोडे लंगडतो, शेवटी झाडाखाली बसतो. हे सारे आपण ठरवून करीत नाही. दुखणे आपल्याकडून ते करवून घेते. बधिर पायाचा मनुष्य मात्र पहिले पाऊल जसे टाकतो तसेच दहा हजारावे टाकतो. त्याच जागेवर, त्याच दाबाने. आतल्या मांसाला आधी सूज येते, मग फोड येतो, मग व्रण. त्याचा पाय रोगाने खाल्ला नाही, त्याच्या चालण्याने खाल्ला. आणि चालण्यात वावगे काहीच नव्हते, फक्त थांबविणारा पहारेकरी नव्हता. दुखणे हा शत्रू नसून शरीराचा पहारेकरी आहे, हे ब्रँड यांच्या साऱ्या संशोधनाचे सार म्हणता येईल.

याची प्रचिती त्यांना स्वतःलाही एकदा आली. इंग्लंडात एका लांबच्या प्रवासानंतर रात्री मोजे काढताना आपल्या टाचेला स्पर्श कळत नाही असे त्यांना वाटले. वर्षानुवर्षे कुष्ठरुग्णांत वावरलेल्या डॉक्टरला त्या क्षणी काय वाटले असेल! ती रात्र त्यांनी जागून काढली. सकाळी सुई टोचून पाहिली, तो असह्य कळ आली. प्रवासात पाय अवघडला होता इतकेच. त्या कळेचा आनंद आपण पुढे जन्मभर विसरलो नाही, असे ते सांगत असत.

कारण सापडले म्हणजे उपायाची दिशा सापडते. जखम चालण्याने होते, तर तिला विसावा दिला पाहिजे. पण पोटासाठी राबणाऱ्या माणसाला दोन महिने अंथरुणावर निजून राहा, हे सांगणे सोपे, पाळणे कठीण. म्हणून पायाला नीट बेताने बसेल असे प्लास्टर घालण्याची पद्धत उचलली गेली. बधिर पायाच्या जखमेला प्लास्टर घालण्याचे प्रयोग आपल्या देशात १९३० नंतरच्या दशकातच झाले होते. वेल्लोरच्या मंडळींनी ते शास्त्रशुद्ध करून सर्वत्र रूढ केले. प्लास्टरमुळे भार साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो, सांधा हलत नाही आणि रुग्ण थोडे चालूही शकतो. वर्षानुवर्षे मलमे लावून न भरलेले व्रण नुसत्या विसाव्याने काही आठवड्यांत भरून आले. मांसात भरून येण्याची शक्ती होतीच. तिला कोणी उसंत दिली नव्हती.

पण प्लास्टर काढल्यावर पुढे काय? तो मनुष्य पुन्हा अनवाणी शेतात गेला की पुन्हा तेच. येथे संशोधन शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उतरून चांभाराच्या ओट्यावर येऊन बसले. भार तोच राहणार. मात्र तो जास्त जागेवर पसरला तर दर इंचावरचा दाब कमी होतो, हे गणित शाळेतल्या मुलालाही येते. म्हणून वहाणेत मऊ गादी हवी. साधा स्पंज घेतला तर तो भाराखाली चपटा होऊन निकामी होतो. कडक रबर घेतले तर ते दबतच नाही. वेल्लोरजवळ कारीगिरी येथील कुष्ठ संशोधन केंद्रात पुष्कळ खटपटी करून सूक्ष्म हवेच्या कप्प्यांचे रबर निवडले गेले. तळपायातल्या चरबीच्या गादीचेच ते अनुकरण म्हणता येईल. खाली काटा आत येऊ नये म्हणून टणक तळ, वर हे मऊ रबर, पाऊल घसरू नये म्हणून मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. सारे शिवलेले किंवा चिकटविलेले. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण हिणविण्यासाठी वापरतात. बधिर पायाच्या माणसाला ती अक्षरशः पाळावी लागते, अंघोळीला जातानासुद्धा.

या वहाणेपुढे एक अडचण उभी राहिली आणि ती रबराची नव्हती. ती वहाण पाहिली की लोक ओळखत, हा कोण ते. मग रुग्ण ती पिशवीत घालून गावात शिरे आणि अनवाणी चाले. शास्त्राने पाय वाचविण्याची युक्ती काढली, आणि आपल्या नजरेने ती पायातून काढायला लावली! म्हणून पुढे या वहाणा बाजारातल्या चार वहाणांसारख्या दिसाव्यात, असे प्रयत्न झाले. हे वैद्यकाचे काम होते की समाजाचे, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

दुसरे काम शस्त्रक्रियेचे. पाऊल उचलता न येणारा मनुष्य पाण्यातून चालल्यासारखा गुडघा उंच उचलून चालतो, पाऊल फरफटते, बोटे घासतात. पाऊल वर उचलणारे स्नायू गेलेले असतात. पण नडगीच्या मागे खोल एक स्नायू असतो, त्याचे काम पाऊल आत वळविणे. त्याचा मज्जातंतू वरच, खोल जागी फुटत असल्यामुळे जंतूच्या तडाख्यातून तो बहुधा वाचतो. या स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, खालून सोडवून पायाच्या पुढच्या अंगाला आणून जोडायची, ही युक्ती. शेतातले एक चाक नादुरुस्त झाले म्हणजे दुसऱ्या मोटेचा सोल तिकडे फिरवावा, तसेच हे. या कामात डॉ. हरिहरन श्रीनिवासन यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. पाऊल एकीकडे कलू नये म्हणून त्यांनी त्या कंडरेची दोन शेपटे करून एक अंगठ्याच्या आणि दुसरे इतर बोटांच्या कंडरांना जोडण्याची पद्धत आपल्या सहकाऱ्यांसह १९६८ साली प्रसिद्ध केली. ते पुढे आग्र्याच्या जालमा संस्थेचे संचालक झाले आणि १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्याने चालायला शिकावे लागते. जो स्नायू जन्मभर पाऊल आत वळवीत आला, त्याला आता वर उचल म्हणून सांगायचे असते. तान्ह्या पोरासारखा धीर धरावा लागतो.

डॉ. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. वेल्लोरला जे डोळ्यांनी पाहिले होते ते तेथे यंत्राने मोजले. बधिर केलेल्या उंदरांच्या तळपायांवर यंत्राने दर चौरस इंचाला २० पौंड एवढा बेताचाच दाब दिवसातून हजारो वेळा देऊन पाहिला. न कापता, न भाजता, नुसत्या पुनरावृत्तीने पाय सुजले आणि फुटले. दाब देण्याचे प्रमाण कमी करून मध्ये विश्रांती दिली, तेव्हा त्याच जागेची कातडी उलट जाड आणि कणखर झाली. रुग्णांसाठी त्यांनी असे मोजे करविले की त्यांत रंगाच्या सूक्ष्म कुप्या होत्या. जेथे दाब जास्त तेथे कुपी फुटून निळा डाग पडे. आणि सूज यायच्या आधी ती जागा उबदार होते, हे त्यांनी उष्णतामापक यंत्रांनी दाखविले. ही शेवटची गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे, म्हणून पुढे पुन्हा सांगू.

त्यांचा एक प्रयोग मात्र फसला, आणि तोच आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटतो. त्यांनी कृत्रिम दुखणे तयार करायचे ठरविले. हातमोज्यात आणि बुटात दाब मोजणारी उपकरणे बसविली. दाब वाढला की आवाज व्हावा, दिवा लागावा. रुग्णांनी आवाज ऐकला आणि काम तसेच पुढे चालविले. मग विजेचा सौम्य धक्का देऊन पाहिले. तर नेटाने काही करायचे असले की लोक यंत्रच बंद करीत. खऱ्या दुखण्याला बंद करायची कळ आपल्या हाती नाही, म्हणून तर आपण त्याचे ऐकतो. ज्याला आपण आयुष्यभर शिव्या देतो, ते दुखणे पुष्कळ पैसा आणि बुद्धी खर्चूनही बनविता आले नाही.

ब्रँड २००३ साली वारले. कुष्ठरोगाचे चित्रही पालटले आहे. १९८० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली, आणि ती प्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा होता. नवे रुग्ण आजही सापडतात, पण वेळीच औषध घेतले तर पाय बधिर होण्यापूर्वीच रोग बरा होतो. मग ही जुनी कथा आज का सांगायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्याच घरात आहे.

आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांना बरीच वर्षे मधुमेह होता. एका लग्नात ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत हसतमुखाने उभे होते. रात्री बूट काढला तर मोजा रक्ताने भिजलेला. बुटातला एक खिळा वर आला होता. तो दिवसभर टोचत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. उलट “माझे पाय या वयातही मुळीच दुखत नाहीत,” असे ते अभिमानाने सांगत. त्यांचा अंगठा गेला. पाय वाचला, तो जखमेला वेळीच विसावा मिळाला म्हणून. फार दिवसांच्या मधुमेहातही पायाचे मज्जातंतू बधिर होतात, शिवाय रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम चिघळते. कारव्हिलचे शोध जगभर पसरले ते मुख्यतः मधुमेहाच्या रुग्णांसाठी. आज डॉक्टर नायलॉनचा एक बारीक दोरा तळव्याला टेकवून तो कळतो का हे विचारतात. १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या त्या दोऱ्याची परीक्षाही त्याच कामातून रूढ झाली. दत्तपूरच्या रुग्णासारख्यांच्या पायांनी जे शिकविले, ते आज आपल्या आळीतल्या शेठजींचे आणि मास्तरांचे पाय वाचवीत आहे. ज्यांना आपण वेशीबाहेर ठेवले त्यांचे आपल्यावर हे ऋण आहे.

म्हणून ज्यांच्या घरी मधुमेही मनुष्य आहे किंवा पाय बधिर झालेला कोणी आहे, त्यांनी चार गोष्टी कराव्यात. रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही तळवे चाचपावेत. एक जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा उबदार लागली तर तो येणाऱ्या व्रणाचा निरोप समजावा, चालणे थांबवावे आणि डॉक्टरांकडे जावे. वहाण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहावा. आणि वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. वर्ध्याच्या उन्हात ती फरशी काय करते, ते धडधाकट पायांना चांगले ठाऊक आहे.

आमच्यापुरते सांगायचे तर त्या लग्नाच्या रात्रीपासून आमच्या घरी एक नवी रीत पडली. दिवेलागणीनंतर घरातली मुले वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, आणि पाया पडताना तळवाही पाहून घेतात. नमस्कार तोच, फक्त आता तो डोळे उघडे ठेवून करतात.